ओझोनचा करार : सह्या सरकारांच्या, भार कोणावर?

16 सप्टेंबर 1987 रोजी माँट्रिऑल येथे ओझोनच्या थराचा नाश करणाऱ्या रासायनिक पदार्थांवर नियंत्रण घालणारा करार झाला. त्याची आठवण म्हणून दरवर्षी याच दिवशी जगभर ओझोन दिन पाळला जातो. मंत्री भाषणे करतात, शाळांतून चित्रांच्या स्पर्धा होतात, आणि ज्या मक्तेदार कंपन्यांनी ही विषारी बाजारपेठ पन्नास वर्षे उपभोगली त्याही वसुंधरेच्या रक्षणाची भाषा बोलू लागतात. आंतरराष्ट्रीय सहकार्याचा हा सर्वांत यशस्वी नमुना, असा या कराराचा गौरव केला जातो. या गौरवात किती तथ्य आहे आणि त्याच्या आड काय झाकले जाते, याचा विचार पक्षसभासदांनी केला पाहिजे. कारण या कराराचा पुढचा आणि अधिक अवघड टप्पा आता आपल्या देशात सुरू झाला आहे.

प्रथमच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कराराला यश आले आहे, आणि ते नाकारण्यात कोणतेही क्रांतिकारकत्व नाही. 2009 साली जगातील सर्व देश या करारात सामील झालेले होते. नियंत्रित पदार्थांपैकी सुमारे 99 टक्के पदार्थांचा वापर आज थांबला आहे. जगातील वैज्ञानिकांनी 2022 साली तयार केलेल्या अहवालानुसार, सध्याची धोरणे कायम राहिली तर ओझोनचा थर जगाच्या बहुतेक भागांत 2040च्या सुमारास, उत्तर ध्रुवावर 2045च्या सुमारास आणि अंटार्क्टिकावर 2066च्या सुमारास 1980च्या पातळीवर परत येईल. अतिनील किरणांपासून माणसाच्या कातडीचे, डोळ्यांचे आणि शेतातील पिकांचे रक्षण करणारे हे कवच वाचते आहे, याचा आनंद कामगारवर्गाला इतर कोणाहूनही अधिक झाला पाहिजे. उघड्या आभाळाखाली राबतो तो तोच.

परंतु हे यश भांडवलशाहीच्या सद्बुद्धीतून आले, ही मखलाशी आम्हाला मान्य नाही. ज्या ज्या ठिकाणी पैसा आणि तंत्रज्ञान यांचे देणे झगडून पदरात पाडून घेतले गेले, त्या त्या ठिकाणी करार अंमलात आला. जेथे ते नफ्याच्या गणितावर सोडून दिले गेले, तेथे त्याला भोके पडली. गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास याची साक्ष देतो.

क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजेच सीएफसी, ही द्रव्ये फ्रीज, वातानुकूलन यंत्रे, फेस आणि फवारे यांत वापरली जात. ती वातावरणाच्या वरच्या थरात पोचली की त्यांतून क्लोरीन सुटतो आणि क्लोरीनचा एक अणू ओझोनचे हजारो रेणू नष्ट करतो, असा इशारा मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड या वैज्ञानिकांनी 1974 साली दिला. सीएफसीचे जगातील सर्वांत मोठे उत्पादक असलेल्या द्यू पाँ कंपनीने आणि तिच्या सोबत्यांनी हा इशारा उडवून लावण्यासाठी आपली सारी शक्ती पणाला लावली. 1985 साली ब्रिटिश वैज्ञानिकांनी अंटार्क्टिकावरील ओझोनचे भगदाड जगापुढे मांडले, तरी रेगन सरकारातील एक मंत्री डोनाल्ड होडेल 1987 साली आंतरराष्ट्रीय नियंत्रणाऐवजी टोप्या आणि काळे चष्मे वापरण्याचा पर्याय पुढे करीत असल्याचे वृत्त बाहेर आले. मार्च 1988च्या प्रारंभी द्यू पाँच्या अध्यक्षांनी अमेरिकन सिनेटरांना कळविले की उत्पादनात मोठी कपात करण्यास वैज्ञानिक आधार नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस कंपनीने उत्पादन बंद करण्याचा निर्णय जाहीर केला! मधल्या काळात नवा वैज्ञानिक अहवाल आला होता हे खरे. लोकमताचा रेटाही होता. पण पर्यायी रसायनांच्या शर्यतीत आपण पुढे आहोत आणि जुन्या मालावरील बंदी म्हणजे नव्या मालाला मिळालेली बाजारपेठ, हा हिशेबही पक्का झाला होता. विज्ञानाला चौदा वर्षांत जे जमले नाही ते नफ्याने तीन आठवड्यांत करून दाखविले.

आता दुसरी बाजू पाहा. 1987च्या मूळ करारात विकसनशील देशांना दहा वर्षांची सवलत होती. मात्र तिचा लाभ दरडोई वापर वर्षाला 0.3 किलोग्रॅमहून कमी असलेल्यांनाच मिळे. त्या काळी भारताचा दरडोई वापर या मर्यादेच्या दशांशाइतकाही नव्हता. ज्यांनी आभाळ फाडले त्यांनी शिवणकामाचा खर्च सर्वांवर सारखा वाटावा, आणि नवी सुई-दोरीही त्यांच्याच दुकानातून विकत घ्यावयास लावावी, असा हा न्याय होता. भारत आणि चीन यांनी सही करण्यास नकार दिला. हा नकार वायफळ नव्हता. या दोन देशांवाचून करार पोकळ ठरेल हे ओळखून साम्राज्यवादी देशांना जून 1990मध्ये लंडन येथे माघार घ्यावी लागली. विकसनशील देशांचा वाढीव खर्च भागविण्यासाठी बहुपक्षीय निधी निर्माण झाला. पहिल्या तीन वर्षांसाठी 16 कोटी डॉलर, आणि भारत व चीन आल्यास आणखी 8 कोटी, असे त्याचे स्वरूप ठरले. विकसनशील देश आपली बंधने किती पाळू शकतील हे आर्थिक साह्य आणि तंत्रज्ञानाचे हस्तांतर प्रत्यक्षात किती होते यावर अवलंबून राहील, हे तत्त्व कराराच्या पाचव्या कलमातच लिहिले गेले. त्यानंतर चीन 1991 साली आणि भारत 1992 साली करारात दाखल झाला.

आम्ही या घटनेवर भर देतो तो मुद्दाम. आज कराराचे गुणगान करणारे लंडनचा हा झगडा हळूच वगळतात. मागास देशांना मिळालेला पैसा ही भीक नव्हती. ते वसूल केलेले देणे होते. आणि जेवढे देणे वसूल झाले तेवढाच करार अंमलात आला. भारतात 2000 साली ओझोननाशक पदार्थांविषयीचे नियम झाले. सीएफसीचे चार भारतीय उत्पादक भिवाडी, रणजितनगर, सुरत आणि मेट्टूर येथे कारखाने चालवीत. त्यांचे उत्पादन थांबविण्यासाठी निधीने 1999 साली 8 कोटी 20 लाख डॉलर मंजूर केले, आणि औषधी फवाऱ्यांचा अपवाद वगळता 1 ऑगस्ट 2008 रोजी, मुदतीच्या सतरा महिने आधी, हे उत्पादन बंद झाले. गरीब देश पर्यावरणाचे शत्रू आहेत, या शहाजोग प्रचाराला यापेक्षा चोख उत्तर नाही.

मग अडचण कोठे आहे? पहिली अडचण तंत्रज्ञानाच्या मालकीची. 'रास्त आणि सर्वांत अनुकूल अटींवर' तंत्रज्ञान देण्याचे वचन लंडनच्या दुरुस्तीत आहे. पण ते दिले सरकारांनी आणि तंत्रज्ञान आहे कंपन्यांच्या तिजोरीत. सीएफसीच्या जागी वापरावयाच्या एचएफसी-134अ या द्रव्याचे तंत्र एका भारतीय उत्पादकाने मागितले तेव्हा त्याला अडीच कोटी डॉलर किंमत सांगितली गेली. अखेर ते तंत्र देशातच विकसित करावे लागले. अमेरिकेतील दम्याच्या रुग्णांचा अनुभवही बोलका आहे. 2008च्या अखेरीस तेथे सीएफसीवर चालणारे स्वस्त फवारे बंद झाले आणि त्यांची जागा पेटंटधारी महाग फवाऱ्यांनी घेतली. ओझोन वाचविण्याचे बिल तेथे धाप लागलेल्या गरीब रुग्णाच्या नावे फाडले गेले. या अन्यायाला करार कारण नव्हता, पेटंट कारण होते.

याच्या उलट एक उदाहरण आहे, आणि कम्युनिस्टांनी ते विसरू नये. जर्मन लोकशाही प्रजासत्ताकातील शार्फेनस्टाइन येथे फ्रीज बनविणारा एक लोकमालकीचा कारखाना होता. जर्मनीच्या एकीकरणानंतर 1992 साली तो मोडीत काढण्याची तयारी चालली असताना तेथील कामगार आणि तंत्रज्ञ यांनी ग्रीनपीस संघटनेच्या साह्याने ब्यूटेन व प्रोपेन या साध्या वायूंवर चालणारा फ्रीज तयार केला. हे वायू ओझोनला अपाय करीत नाहीत, वातावरण फारसे तापवीत नाहीत, आणि त्यांवर कोणाची मालकी नाही. पश्चिम जर्मनीतील बड्या उत्पादकांनी 'हा फ्रीज म्हणजे घरातला बाँब' असा कांगावा केला आणि लवकरच स्वतः तेच तंत्र उचलले. तो कारखाना पुढे बाजाराच्या लाटेत बुडाला. त्याचे तंत्र मात्र जगभर पसरले. आज भारतातील घरोघरचे अनेक फ्रीज याच तत्त्वावर चालतात. अमेरिकेने घरगुती फ्रीजमध्ये या वायूला परवानगी दिली ती थेट 2011च्या डिसेंबरात! स्वस्त, सुरक्षितपणे वापरता येणारा आणि मालक नसलेला पर्याय श्रीमंत देशाच्या बाजारात शिरावयास वीस वर्षे का लागली, याचे उत्तर रसायनशास्त्रात सापडणार नाही.

दुसरी अडचण बलवानांसाठी ठेवलेल्या पळवाटांची. शेतजमीन निर्जंतुक करण्यासाठी वापरले जाणारे मिथाइल ब्रोमाइड विकसित देशांनी 2005पर्यंत बंद करावयाचे होते. अमेरिकेने आपल्या स्ट्रॉबेरी आणि टोमॅटोच्या बागायतदारांसाठी 'अत्यावश्यक वापर' या नावाखाली त्या वर्षासाठी 1991च्या वापराच्या एक-तृतीयांशाहून अधिक सूट पदरात पाडून घेतली. मागास देशांना शिस्तीचे धडे देणाऱ्यांची ही शिस्त! शिवाय जे पदार्थ इतर रसायनांचा कच्चा माल म्हणून बनतात ते बंदीतून वगळलेले आहेत, आणि त्यांतून होणारी गळती ही वैज्ञानिकांपुढील वाढती चिंता आहे.

तिसरी अडचण म्हणजे कर्तव्यालाच धंदा बनविण्याची भांडवली कला. एचसीएफसी-22 हे शीतकद्रव्य बनविताना एचएफसी-23 हा वायू उपपदार्थ म्हणून बाहेर पडतो. पृथ्वी तापविण्याची त्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या बारा हजार पटींहून अधिक आहे. तो जाळून टाकणे खर्चाचे नाही. परंतु क्योटो कराराखालील कार्बनच्या बाजारात तो जाळण्याबद्दल श्रेयपत्रे मिळू लागली, आणि त्यांत भारतीय कंपन्या आघाडीवर होत्या. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका गणितानुसार जगभर हा वायू जाळण्याचा प्रत्यक्ष खर्च सुमारे 10 कोटी युरो, आणि त्यापोटी मिळणाऱ्या श्रेयपत्रांची किंमत 4 अब्ज युरोंहून अधिक! कचरा जाळण्याचे उत्पन्न मालाच्या उत्पन्नाहून मोठे झाले. 2013 साली युरोपने ही श्रेयपत्रे नाकारली. त्यानंतर तीन वर्षांनी, ऑक्टोबर 2016मध्ये, भारत सरकारने पाच उत्पादकांना हा वायू स्वखर्चाने नष्ट करण्याचा आदेश दिला. तो आदेश आम्ही योग्य मानतो. जे काम एका आदेशाने होऊ शकत होते त्यासाठी दहा वर्षे खंडणी का द्यावी लागली, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो.

चौथी अडचण देखरेखीची आहे, आणि येथे आम्ही सोयीस्कर मौन पाळणार नाही. सोव्हिएत युनियनचे विघटन झाल्यावर तेथील कारखाने लुटारू खासगीकरणाच्या हाती गेले आणि चोरट्या सीएफसीचा ओघ पाश्चात्त्य बाजाराकडे वळला. हे उत्पादन 2000च्या अखेरीस, परदेशी निधी दिल्यावरच थांबले. पुढे, 2018 साली वैज्ञानिकांनी दाखवून दिले की बंदी असलेल्या सीएफसी-11चे उत्सर्जन 2012नंतर वाढले आहे. दक्षिण कोरिया आणि जपान येथील केंद्रांच्या नोंदींवरून त्यातील मोठा वाटा पूर्व चीनमधील शांतुंग व हपै या प्रांतांतून येतो असे आढळले. फेस बनविणारे छोटे कारखाने स्वस्त पडते म्हणून बंदी असलेला माल वापरीत होते. चीन सरकारने धाडी घातल्या, कारवाई केली, आणि 2019पर्यंत उत्सर्जन पुष्कळ खाली आले. समाजवादाचा ध्वज जेथे फडकतो तेथे हे घडले, म्हणून ते झाकावयाचे कारण नाही. नफा हा उत्पादनाचा हेतू म्हणून जेथे जेथे मोकळा सुटतो तेथे तो कायद्यालाही पोखरतो, हाच त्याचा अर्थ आहे. त्याच वेळी सरकारने निश्चय केला तर हा चोरटा धंदा दोन वर्षांत मोडता येतो, हेही त्याच घटनेने सिद्ध केले.

या साऱ्या अडचणी आता आपल्या दारात एकत्र येत आहेत. सीएफसीच्या जागी आलेल्या एचसीएफसीचा वापर भारताला 2030पर्यंत संपवावयाचा आहे. त्यानंतर केवळ जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीपुरता अल्प वापर उरेल. त्यांच्याही जागी आलेली एचएफसी द्रव्ये ओझोनला अपाय करीत नाहीत, परंतु पृथ्वी तापवितात. म्हणून 2016 साली रवांडातील किगाली येथे करारात दुरुस्ती झाली आणि भारताने ती सप्टेंबर 2021मध्ये मान्य केली. तिच्यानुसार भारताचा वापर 2028 साली गोठेल, 2032पासून कमी होऊ लागेल आणि 2047पर्यंत 85 टक्क्यांनी घटेल. विकसित देशांची कपात 2019 सालीच सुरू झाली. मुदतीतील हा फरक न्याय्य आहे आणि तो टिकविला पाहिजे. पण निधीचे काय? 2024 ते 2026 या तीन वर्षांसाठी तो 96 कोटी 50 लाख डॉलर ठरला. आजवरचा हा सर्वांत मोठा आकडा आहे. तरी तो शंभरावर देशांत वाटावयाचा आहे, आणि एचसीएफसी व एचएफसी ही दोन्ही कामे त्यातूनच भागवावयाची आहेत. नव्या पिढीच्या द्रव्यांची पेटंटे पुन्हा हनीवेल आणि द्यू पाँची वारस केमूर्स यांनीच मिळविली. इतिहासाचा तोच अंक नव्या वेषात रंगभूमीवर येत आहे.

आणि आता त्या माणसाकडे वळू, ज्याचे नाव कोणत्याही करारात नाही. माँट्रिऑल असो वा किगाली, कराराची शेवटची अंमलबजावणी होते ती तिसऱ्या मजल्याच्या बाहेर, लोखंडी चौकटीवर एक पाय ठेवून एसीत गॅस भरणाऱ्या मेकॅनिकच्या हाताने. जुन्या यंत्रातील गॅस हवेत सोडावयाचा की पंपाने काढून सिलिंडरमध्ये भरावयाचा, याचा निर्णय तेथे होतो. गॅस काढून घेण्याचे यंत्र त्याच्याजवळ नसते. असले तरी त्यासाठी लागणाऱ्या वेळेचे पैसे ना ग्राहक देतो ना कंपनी. तो कंपनीचा नोकरही नसतो. ठेकेदाराच्या हाताखाली, प्रत्येक कामामागे मिळणाऱ्या मोबदल्यावर राबणारा असतो. ज्वालाग्राही वायू आले की भाजण्याचा आणि स्फोटाचा धोका त्याचा; पडून हात मोडला की दवाखान्याचा खर्चही त्याचा. मार्च 2019च्या राष्ट्रीय शीतकरण कृती आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना 2022-23पर्यंत प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट होते. प्रशिक्षण हवेच. परंतु प्रमाणपत्राने मजुरी वाढत नाही, विमा मिळत नाही आणि हातात यंत्र येत नाही. उत्पादकांना उत्पादन बंद करण्याची भरपाई कोट्यवधी डॉलरांत मिळते. मेकॅनिकला मिळतो तो काही दिवसांचा वर्ग.

येथे राज्यकर्त्यांच्या एका ढोंगाचाही समाचार घेतला पाहिजे. आंतरराष्ट्रीय परिषदांत आपले सरकार गरिबांच्या गरजा पुढे करते, आणि ते योग्यच आहे. पण हाच कृती आराखडा तयार होत होता तेव्हा देशातील शंभरांपैकी दहा घरांतही वातानुकूलन यंत्र नव्हते. विटभट्टीवर, बांधकामावर, पत्र्याच्या झोपडीत उन्हाने माणसे मरतात, त्यांच्यासाठी गारवा कोठून येणार? गरिबाच्या नावाने सवलत मिळवावयाची आणि ती काचेच्या मनोऱ्यांवर खर्च करावयाची, हे आम्हाला मान्य नाही. सावलीची, हवेशीर, न तापणाऱ्या छताची घरे आणि कामाच्या जागी उन्हापासून संरक्षण, हीही शीतकद्रव्याची गरज कमी करण्याची साधने आहेत, आणि त्यांवर कोणाचेही पेटंट नाही.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. नव्या शीतकद्रव्यांची पेटंटे लोकहिताच्या आड येत असतील तेथे पेटंट कायद्यातील सक्तीच्या परवान्याचे कलम वापरले पाहिजे. 2012 साली कर्करोगावरील औषधाच्या बाबतीत ते वापरले गेलेच आहे. रेल्वे, सरकारी रुग्णालये आणि शीतगृहे यांच्या खरेदीत मालकीमुक्त वायूंवरील सुरक्षित यंत्रांना अग्रक्रम द्यावा. निधीतून कोणत्या कंपनीला किती पैसा मिळाला आणि त्याचे काय झाले, याचा हिशेब जनतेपुढे यावा. एचएफसी-23 नष्ट होतो की नाही याची तपासणी स्वतंत्रपणे आणि कायम व्हावी. दुरुस्ती करणाऱ्या प्रत्येक कामगाराची नोंदणी, त्याला समजेल त्या भाषेत मोफत प्रशिक्षण, गॅस काढून घेण्याची सार्वजनिक मालकीची यंत्रे, अपघात विमा आणि यंत्र-उत्पादक कंपनीवर त्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी, या गोष्टी कराराच्या अंमलबजावणीचाच भाग मानल्या गेल्या पाहिजेत.

बडोदे असो वा इंदूर, बेळगाव असो वा मुंबई, प्रत्येक शहरात फ्रीज आणि एसी दुरुस्त करणारे कामगार आहेत, आणि ते बहुतांशी असंघटित आहेत. आपल्या कामगार संघटनांनी त्यांच्यापर्यंत पोचणे हे आता केवळ आर्थिक लढ्याचे काम राहिलेले नाही. आभाळ वाचविण्याचे काम ज्याच्या हातात आहे त्याच्या हाताला बळ देणे, हा या कराराचा सर्वांत उपेक्षित भाग आहे, आणि तो पुरा करण्याची जबाबदारी कामगार चळवळीखेरीज दुसरे कोणीही उचलणार नाही. 1990 साली लंडनमध्ये मागास देशांनी एकजुटीने जे मिळविले, ते देशाच्या आत त्या कामगारापर्यंत पोचविण्याचा लढा अजून लढावयाचा आहे. तो लढण्यास आपण सिद्ध झाले पाहिजे.